त्या रिकाम्या लेनबद्दल, मॅडम

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव कुठे लिहायचं नाही, असं तुम्ही बजावून ठेवलंत, म्हणून लिहीत नाही. पण आभार मात्र चारचौघांतच मानणार आहे. फोनवर मानले होते, त्यानं माझं समाधान झालेलं नाही.

मी तुमच्याकडे एक ट्यूब मागितली होती. तुमच्या प्रयोगशाळेत तयार झालेली, माणसाच्या ब्युटिरिलकोलिनेस्टरेज या एन्झाइमला ओळखून चिकटणारी अँटीबॉडी. कोरड्या बर्फातून निघाल्या दोन. दुसरीच्या पोटावर पांढरी पट्टी आणि तिच्यावर निळ्या शाईत तुमचं बारीक, तिरकं अक्षर: 'यात काहीही दिसता कामा नये.'

ती ट्यूब हातात धरून मी किती वेळ बसले होते, मला सांगता येणार नाही.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. हे एन्झाइम यकृतात तयार होतं आणि रक्तात फिरत असतं. भूल देताना स्नायू शिथिल करायला सक्सामेथोनियम देतात, त्याचा असर काही मिनिटांत ओसरतो तो याच्या जिवावर. काही माणसांत जन्मतःच ते काम करत नाही. अशा माणसाला ते औषध दिलं तर पुढचे कित्येक तास स्वतःचा श्वास घेता येत नाही, तोवर व्हेंटिलेटरवर ठेवावं लागतं. एन्झाइमचं काम एलमन यांच्या १९६१ च्या पद्धतीनं मोजतात. एन्झाइम चालू असेल तर द्रावण पिवळं होतं. माझ्याकडच्या रुग्णांच्या नमुन्यांत पिवळा रंग येतच नव्हता. पण एन्झाइम मुळात तयारच होत नाही, की तयार होतं आणि निकामी असतं? रंगावरून ते कळत नाही. त्यासाठी ते प्रथिनच ओळखणारी अँटीबॉडी लागते.

ती आम्ही विकत घेतली होती. तिनं ब्लॉट करायचा, म्हणजे नमुन्यातली प्रथिनं वजनानुसार वेगळी करून मेम्ब्रेनवर घ्यायची आणि अँटीबॉडी कुठे चिकटते ते पाहायचं; एका नमुन्याची उभी रांग म्हणजे लेन, आणि तिच्यात उमटणारी रेघ म्हणजे बँड. डेटाशीटवर एकच ठसठशीत बँड छापलेला. आमच्या ब्लॉटवरही बँड आला, निरोगी माणसांत आला, रुग्णांत आला, सगळीकडे सारखाच आला. पण आला ६६ किलोडाल्टनच्या (प्रथिनाच्या वजनाचं एकक) आसपास. या एन्झाइमचा एक घटक ८५ च्या जवळ दिसायला हवा. कंपनीला लिहिलं. उत्तर आलं की नमुने नीट साठवलेले नसतील. पुन्हा लिहिलं, तर ब्लॉकिंग बदलून पाहा. तिसऱ्यांदा लिहिलं, तेव्हा नव्या लॉटवर सवलत देऊ केली! त्या ब्लॉटकडे नीट पाहून कुणी उत्तर दिलं असेल, असं मला आजही वाटत नाही. चार महिने गेले. आमच्याकडची मोठी माणसंही माझ्या हातालाच दोष देत होती, आणि हळूहळू माझाही त्यावर विश्वास बसायला लागला होता.

तुमची-माझी ओळखही नव्हती. तरी तुम्ही माझा ब्लॉट मागवून घेतलात, आणि फोनवर पहिलं वाक्य बोललात, "तुझा हात चांगला आहे गं, पार्श्वभूमी किती स्वच्छ आलीय बघ." मग म्हणालात, "तो बँड अल्ब्युमिनचा असावा." अल्ब्युमिन हे रक्तातलं दुसरं प्रथिन, वजन ६६ च्याच आसपास. एक लिटर प्लाझ्मात, म्हणजे रक्ताच्या द्रव भागात, ते ४० ग्रॅमच्या आसपास, आणि आपलं एन्झाइम जेमतेम ५ मिलिग्रॅम. थोडीशीही चुकीच्या जागी चिकटणारी अँटीबॉडी आधी कुणाला चिकटणार?

आणि हे नुसतं सांगून तुम्ही थांबला नाहीत. त्या दुसऱ्या ट्यूबमध्ये होता निरोगी माणसाचा प्लाझ्मा, या एन्झाइमला धरून ठेवणाऱ्या प्रोकेनामाइडच्या कॉलममधून पुन्हा पुन्हा काढलेला, पिवळा रंग यायचा पुरता थांबेपर्यंत. बाकी सगळं जागच्या जागी, फक्त एन्झाइम तेवढं काढलेलं. हे काम किती वेळखाऊ आहे ते मला माहीत आहे. मागितलंही नव्हतं कुणी.

त्या संध्याकाळी दोन ब्लॉट शेजारीशेजारी केले. विकतच्या अँटीबॉडीनं तुमच्या त्या प्लाझ्मातही तोच जाड बँड दाखवला, जे तिथे नव्हतंच त्याचा! तुमच्या अँटीबॉडीनं निरोगी नमुन्यात ८५ च्या जवळ बारीकशी रेघ दाखवली, आणि शेजारची लेन कोरी. इतकी कोरी की मी मेम्ब्रेन उजेडाकडे धरून पाहिलं. मॅडम, त्या कोऱ्या लेनकडे बघून मला रडू आलं.

आपलं बरोबर आहे म्हणणारे खूप भेटतात. आपली वस्तू खोटी ठरवायचं साधनही सोबत पाठवणारं माणूस मला तुमच्या रूपानं पहिल्यांदा भेटलं. चिठ्ठीत तुम्ही हेही लिहिलं होतंत की ही अँटीबॉडी उलगडलेलं प्रथिनच ओळखते, घडी शाबूत असलेल्या एन्झाइमसाठी वापरू नकोस, फसशील. विकणाऱ्यांपैकी कुणी एवढं एक वाक्य छापलं असतं तरी माझे चार महिने वाचले असते.

आता नमुन्यांविषयी. काहींत रंगही नाही आणि रेघही नाही. दोघांत मात्र रंग नसूनही रेघ स्पष्ट आहे. एन्झाइम आहे, पण काम करत नाही. ते दोन्ही ब्लॉट मी आणखी एकदा करणार आहे. दुसऱ्या ट्यूबमध्ये तेवढ्यापुरतं उरलं आहे. पट्टी सोलून वहीत चिकटवून ठेवली आहे.

निकाल आला की आधी तुम्हाला पाठवते.

तुमची कृतज्ञ,
दोन ट्यूब मिळालेली मुलगी