वळणावरचे कंडक्टर

मा. संपादक, स. न.

कालच्या पुरवणीत कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातल्या ‘साल्व्हेशन माउंटन’वर, म्हणजे लिओनार्ड नाइट या माणसाने स्वतः रचून रंगवलेल्या डोंगरावर, अर्धं पान वाचलं. फोटो छान. फक्त लेखकाला कळवा की आज उभा आहे तो डोंगर सिमेंटचा नव्हे. नाइट यांनी १९८४ साली सिमेंटनेच सुरुवात केली होती, पण त्यात वाळू फार, सिमेंट थोडं. १९८९ मध्ये तो सगळा ढासळला. नंतरचा आहे तो चिकणमाती आणि गवताचा, वर लोकांनी आणून दिलेल्या रंगाचे थरावर थर. मला हे ठाऊक, कारण माझ्या मुलीने तो डोंगर अण्णांना मोबाइलवर दाखवला होता. अण्णांनी सगळं नीट बघून एकच विचारलं, “तिथे पाऊस किती?” वर्षाला तीनेक इंच, म्हटल्यावर हसले. म्हणाले, “मग कसलं कौतुक!”

अण्णा म्हणजे माझे वडील. २८ वर्षं एसटी चालवली. निवृत्त झाल्यावर घराखालच्या वळणावर, गडग्याच्या कडेने, जांभ्या दगडाच्या चिऱ्यांवर तोंडं कोरायला लागले. जांभा खाणीतून ताजा निघतो तेव्हा मऊ असतो, वाऱ्यावर राहिला की टणक होतो. म्हणून अण्णा कोपरे उडालेले, गवंड्याला नको असलेले चिरे टेम्पोने आणत आणि त्याच आठवड्यात कोरून मोकळे होत. डोळ्यांना करवंट्या, मिशांना सुंभ, डोक्याला टाकून दिलेल्या जाळ्याचं पागोटं. रंग बंदरावरचा, होड्या रंगवून डब्याच्या तळाला उरलेला. त्यामुळे सगळी मंडळी निळी-पिवळी. प्रत्येक तोंड म्हणजे अण्णांबरोबर ड्युटी केलेला एकेक कंडक्टर, आणि टोकाला लाल नाकाचा एक डेपोतला साहेब. एकूण २३. पावसात शेवाळ धरून काळे ठिक्कर पडायचे. दसरा झाला की अण्णा काथ्या घेऊन घासायला बसत आणि दिवाळीपर्यंत सगळे पुन्हा ड्युटीवर हजर! पाहुण्यांना आम्ही पत्ता सांगत असू, ‘कंडक्टरांच्या वळणावर उतरा.’

दोन वर्षांपूर्वी साइडपट्टीचं काम निघालं आणि एका दुपारी जेसीबीने २३च्या २३ मोरीत ढकलले. नोटीस नाही, एक हाक नाही. विचारायला गेलो तर तिथले साहेब म्हणाले, “वाहनचालकांचं लक्ष विचलित होतं.” हे कोणाला सांगितलं, तर २८ वर्षांत गाडीला ओरखडा येऊ न दिलेल्या माणसाला. अण्णा काही बोलले नाहीत. घरी येऊन त्यांनी रंगाचे डबे शेजाऱ्याला देऊन टाकले.

आणि चौथ्या दिवशी आपल्याच अंकात पान ५ वर त्या वळणाचा फोटो: ‘वळणाने घेतला मोकळा श्वास’. कात्रण माझ्यापाशी आहे. वळणं श्वास कधीपासून घेऊ लागली, हे उपसंपादकांना एकदा विचारून ठेवावं.

आपल्या लेखात एक गोष्ट गाळली आहे, ती मुद्दाम की जागेअभावी, कोण जाणे. नाइट यांच्या डोंगरावरही १९९४ साली तिथल्या प्रशासनाने रंगात शिसं आहे, माती विषारी आहे असं म्हणून नांगर फिरवायचं ठरवलं होतं. लोकांनी सह्या केल्या, माती दुसरीकडे तपासून आणली, आणि डोंगर वाचला. २००० साली तिथल्या लोककला संस्थेने त्याला जपण्याजोगं ठिकाण म्हटलं, २००२ मध्ये तो अमेरिकी काँग्रेसच्या कामकाजातही नोंदला गेला. आमच्याकडे सह्या सोडा, सरपंच चहाला येऊन ‘जाऊ द्या अण्णा’ म्हणून गेले. शिवाय नाइट ट्रकच्या मागच्या भागात राहत, वीज नसे, म्हणून ते अवलिया. अण्णा पेन्शन घेत आणि पंख्याखाली झोपत. अशा माणसावर अर्धं पान कोण लिहिणार?

आमच्या सड्यावरची कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, तेव्हाही आपण पुरवणी काढली होती. चांगलं केलंत. म्हणजे दगडावरचं काम हजारो वर्षांचं असलं तर वारसा आणि बारा वर्षांचं असलं तर अडथळा, असं धरून चालायचं का?

अण्णा गेल्या श्रावणात गेले. मोरीतून दोन चिरे बाहेर काढता आले. एक कोणाचा ते ओळखू येत नाही. दुसरा लाल नाकाचा साहेब, तो मात्र शाबूत, खळ्यात तुळशीशेजारी ठेवला आहे. फोटोग्राफर पाठवलात तर चहा मिळेल.

आणि हो, भरती-ओहोटीच्या वेळा तीन आठवडे छापलेल्या नाहीत. त्या जागी राशिभविष्य वाढवलंय. खाडीत होडी लोटणाऱ्याला शुक्र कुठल्या घरात आहे ते कळून काय करायचंय? पाणी किती वाजता चढतंय तेवढं छापा.

– एक जुना वर्गणीदार, ता. राजापूर, जि. रत्नागिरी