अमेरिकेतील ट्रकचा परवाना: परीक्षा कोणत्या वाहनावर होणार, हे आधी विचारा

प्रति,
माननीय संपादक,

विषय: अमेरिकेतील व्यावसायिक वाहनचालक परवाना आणि त्यावर चालवता येणारी वाहने

महोदय,

अमेरिकेतील ट्रकचालकांची कमाई, तिथली चालकांची टंचाई, चालकांच्या इंग्रजीची रस्त्यावर होणारी तपासणी अशा विषयांवर मराठीत अधूनमधून लिहून येते. त्या लिखाणात ‘सीडीएल’ या व्यावसायिक वाहनचालक परवान्याचा उल्लेख असा होतो, की तो एकदा हाती पडला म्हणजे वाटेल तो ट्रक चालवायला माणूस मोकळा झाला, असे वाचकाला वाटावे. मी अमेरिकेतील एका मालवाहतूक कंपनीत चालकांची कागदपत्रे तपासण्याचे काम करतो. या समजावर विसंबून प्रशिक्षणाचे पैसे भरलेली आणि परवाना मिळूनही हव्या त्या नोकरीला अपात्र ठरलेली आपली माणसे माझ्यासमोर येऊन बसतात, तेव्हा वाईट वाटते, कारण पैसे भरण्याआधी एक-दोन प्रश्न विचारले असते तर त्यांचे नुकसान टळले असते.

हा परवाना राज्ये देतात, परंतु त्याची किमान चौकट केंद्र सरकारने आखलेली आहे. १९८६ मध्ये व्यावसायिक मोटार वाहन सुरक्षा कायदा होण्यापूर्वी अनेक राज्यांत साध्या मोटारीच्या परवान्यावर अठरा चाकी ट्रकही चालवता येत असे. शिवाय काही चालक एकाहून अधिक राज्यांचे परवाने बाळगत आणि एका राज्याने परवाना निलंबित केला की दुसऱ्या राज्याचा दाखवून पुन्हा रस्त्यावर येत. या कायद्याने एका चालकाला एकच परवाना हे तत्त्व आणले आणि १ एप्रिल १९९२ पासून अवजड वाहनांसाठी हा परवाना देशभर सक्तीचा झाला. चालकाने ज्या प्रकारच्या वाहनावर परीक्षा दिली असेल, त्याच प्रकारचे वाहन त्याने चालवावे, हा या साऱ्या व्यवस्थेचा पाया आहे.

परवान्याचे वर्ग तीन आहेत. २६,००१ पौंड, म्हणजे सुमारे ११,८०० किलो, किंवा त्याहून अधिक वजनमर्यादेचे एकसंध वाहन क्लास बी मध्ये येते. डंपर, कचरागाड्या, शहरातील मोठ्या बस ही त्याची उदाहरणे. ट्रॅक्टर, म्हणजे ओढणारा पुढचा ट्रक, आणि ट्रेलर मिळून तेवढी मर्यादा भरत असेल आणि त्यातील ट्रेलरची स्वतःची मर्यादा १०,००० पौंडांहून, म्हणजे सुमारे ४,५०० किलोंहून अधिक असेल, तर क्लास ए लागतो. या दोन्हींत न बसणारे, पण चालकासह १६ किंवा अधिक माणसांसाठी बनवलेले किंवा घातक मालाचे फलक लावावे लागणारे वाहन क्लास सी चे. क्लास ए असलेल्याला बी आणि सी वर्गांतील वाहने चालवता येतात, मात्र त्या त्या वाहनासाठी लागणारी जास्तीची परवानगी त्याच्याकडे असली पाहिजे. मोटारसायकल या तिन्हींत नाही. तिची परवानगी वेगळी काढावी लागते.

येथे धरली जाते ती उत्पादकाने ठरवून वाहनावरील पट्टीवर छापलेली भारासहित कमाल मर्यादा. प्रत्यक्ष वजन तिच्याहून जास्त भरले तर ते जास्तीचे वजन धरतात, पण ट्रक रिकामा आहे म्हणून सूट मिळत नाही. घरसामान हलवण्यासाठी भाड्याने मिळणारे मोठे ट्रक २६,००० पौंडांच्या आत ठेवलेले असतात आणि म्हणूनच मोटारीच्या परवान्यावर ते कोणालाही नेता येतात. सहलीसाठी खासगी वापरात असलेले अवजड मोटारहोम, म्हणजे राहण्याची सोय असलेले वाहनही, अनेक राज्यांत या परवान्याच्या कक्षेबाहेर राहते. ही सूट मला कधीच पटलेली नाही, कारण ब्रेक दाबल्यावर वाहनाला थांबायला किती अंतर लागेल हे त्याच्या वजनावर ठरते, माणूस कामाला निघाला आहे की सहलीला यावर नाही.

वर्गाचे अक्षर परवान्यावर ठळक दिसते. लोकांची फसगत होते ती त्याच परवान्यावरील निर्बंधांच्या रकान्यात. ऑटोमॅटिक गिअरच्या ट्रकवर परीक्षा दिली तर तेथे ‘ई’ हे अक्षर येते आणि क्लचचा, हाताने गिअर टाकायचा व्यावसायिक ट्रक चालवता येत नाही. आता बहुतेक मोठ्या कंपन्यांचे नवे ट्रक ऑटोमॅटिक असल्यामुळे लांब पल्ल्याच्या चालकाचे या अक्षराने फारसे अडत नाही, पण जुने डंपर वापरणाऱ्या छोट्या मालकाकडे अडू शकते. एअर ब्रेक नसलेल्या वाहनावर परीक्षा दिली, किंवा एअर ब्रेकच्या लेखी परीक्षेत अपयश आले, तर ‘एल’ लागतो आणि बहुतेक मोठे ट्रक हातचे जातात. ब्रेक पूर्णपणे हवेवर न चालता काही अंशी द्रवाच्या दाबावर चालत असतील, तर ‘झेड’.

सर्वांत महागात पडते ते ‘ओ’. मोठ्या ट्रॅक्टरच्या पाठीवर एक जाड चकती असते, तिला फिफ्थ व्हील म्हणतात आणि ट्रेलरची खीळ तिच्यात अडकते. परीक्षा या जोडणीच्या ट्रकवर न देता दणकट पिकअपला दुसऱ्या प्रकारच्या हुकने जड ट्रेलर जोडून दिली, तर वजनाच्या हिशेबाने क्लास ए मिळतो, पण सोबत ‘ओ’ हा निर्बंधही येतो आणि फिफ्थ व्हीलची जोडणी असलेले क्लास ए वर्गाचे व्यावसायिक वाहन चालवता येत नाही. ज्या अठरा चाकी ट्रकसाठी माणूस शिकायला गेला, तोच त्याला वर्ज्य होतो. आपल्याकडून आलेला एक तरुण असाच परवाना घेऊन आमच्याकडे आला होता. गाडीवर त्याचा हात चांगला होता, तरीही आम्हाला त्याला घेता आले नाही. ज्या संस्थेत तो शिकला, तिच्या जाहिरातीत ‘क्लास ए’ एवढेच छापलेले होते, आणि ते खोटे नव्हते, ही त्यातली खेदाची गोष्ट. हा निर्बंध काढायचा तर योग्य वाहन मिळवून प्रत्यक्ष चाचणी पुन्हा द्यावी लागते. वाहनाचे भाडे, चाचणीचे शुल्क आणि बुडालेली मजुरी हे सगळे पुन्हा त्याच माणसाच्या माथी येते.

जास्तीच्या परवानग्यांना तिथे एंडोर्समेंट म्हणतात. प्रवासी वाहनासाठी ‘पी’, शाळेच्या बससाठी ‘पी’ आणि ‘एस’ दोन्ही, एकामागे एक ट्रेलर जोडण्यासाठी ‘टी’, घातक मालासाठी ‘एच’ आणि टाकीतून द्रव नेण्यासाठी ‘एन’. ‘एच’साठी केंद्रीय यंत्रणेकडून पार्श्वभूमीची तपासणी होते. ‘एन’बाबत मात्र अनुभवी चालकही चुकतात. सपाट ट्रकवर द्रवाच्या सुट्या टाक्या बांधून नेतानाही, त्यांतील प्रत्येक टाकी ११९ गॅलनांहून, म्हणजे सुमारे ४५० लिटरहून मोठी असेल आणि सर्वांची मिळून क्षमता १,००० गॅलन किंवा अधिक होत असेल, तर ही परवानगी लागते. टाकीतला द्रव ब्रेक लावताच पुढे उसळतो आणि वळणावर एका बाजूला झुकून ट्रक उलटवू शकतो, म्हणून नियम इतका बारीक आहे आणि तो योग्यच आहे.

७ फेब्रुवारी २०२२ पासून पहिल्यांदा क्लास ए किंवा बी काढणाऱ्याने केंद्राच्या नोंदवहीत नाव असलेल्या संस्थेकडून प्रशिक्षण घेणे बंधनकारक आहे, आणि ही नोंदवही इंटरनेटवर कोणालाही पाहता येते. मात्र प्रत्यक्ष गाडी किती तास चालवून घ्यावी, याची किमान मर्यादा केंद्राच्या नियमात नाही. विद्यार्थी तयार झाला की नाही, हे प्रशिक्षकाने ठरवायचे. वजनाचा एकेक पौंड मोजणाऱ्या व्यवस्थेने शिकवण्याचे तास मोकळे सोडावेत, ही मला या नियमांतली सर्वांत मोठी उणीव वाटते. ती दूर होईपर्यंत चौकशी शिकणाऱ्यानेच केली पाहिजे.

भारतातील अवजड वाहनाच्या परवान्यावर हा परवाना बदलून मिळत नाही. लेखी परीक्षेपासूनच सुरुवात करावी लागते. शिकाऊ परवाना मिळाल्यावर किमान १४ दिवस प्रत्यक्ष चाचणी देता येत नाही. वयाची १८ वर्षे पूर्ण झाली की राज्याच्या हद्दीत चालवण्यापुरता परवाना मिळू शकतो, परंतु राज्याची सीमा ओलांडून माल न्यायचा तर साधारणपणे २१ वर्षे पूर्ण लागतात. २५ जून २०२५ पासून, तपासणीत पुरेसे इंग्रजी येत नसल्याचे आढळले तर चालकाला तिथेच थांबवून पुढे गाडी चालवण्यास मनाई केली जाते. तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना परवाना देण्यावर कडक बंधने घालण्याचे पाऊलही केंद्राने त्याच वर्षी उचलले. त्यामुळे राज्याच्या परवाना कार्यालयातून आपली पात्रता पक्की करून घेतल्याशिवाय कोणत्याही संस्थेत पैसे भरू नयेत.

संस्थेकडून एवढे मात्र लेखी घ्यावे, की परीक्षा कोणत्या वाहनावर होणार, त्याची जोडणी, ब्रेक आणि गिअर कोणत्या प्रकारचे असणार, आणि परवान्यावर कोणते निर्बंध येणार. आपल्या वृत्तपत्राला माझी विनंती आहे, की या नोकऱ्यांविषयीच्या बातमीत किंवा लेखात परवान्याचा वर्ग आणि निर्बंध यांचा स्पष्ट उल्लेख व्हावा, आणि अशा प्रशिक्षणाच्या जाहिराती स्वीकारताना परीक्षेचे वाहन कोणते आहे, हे जाहिरातदाराला छापायला लावावे.

कळावे,
आपला विश्वासू,
मालवाहतूक क्षेत्रातील एक वाचक