डब्याआधी वही

प्रिय सोनू,

भरतीच्या तयारीसाठी तुझ्या सरांनी सांगितलेल्या प्रोटीन पावडरच्या डब्याला पैसे पाठवायचे की नाही, हे फोनवर धड बोलून होत नाही. तुझी घाई, माझी अंगणवाडीची वेळ, आणि मधे बाबांचं "दे ना तिले, मागते तं" सुरू असतं. आकडे तोंडी सांगितले तर तू ऐकणारही नाहीस. म्हणून हे पत्र भावाच्या हाती देते आहे, सोबत एक कोरी वही आहे. पैसे नाही म्हणत नाही मी. आधी वही भर, मग बोलू.

गावात मी बायांना विचारते, काल काय खाल्लं? उत्तर ठरलेलं असतं, "तेच आपलं, वरण-भात-भाजी-पोळी." ऐकायला चारीठाव. मग मी दुसरा प्रश्न टाकते, वरणाला डाळ किती टाकली? मूठभर. घरात जेवणारे किती? सहा. एक मूठ म्हणजे साधारण पन्नास ग्रॅम तुरीची डाळ, त्यात अकरा ग्रॅम प्रथिनं. सहा जणांत वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला दोन ग्रॅमसुद्धा येत नाहीत, आणि तेही पातेल्यातलं सारखं वाटलं गेलं तर. आपल्याकडं घरची बाई सगळ्यांच्या मागून बसते. तिच्या वाटीत वरचं पिवळं पाणी उरलेलं असतं आणि तोंडी लावायला ठेचा. कपाशीच्या वावरात तुरीच्या ओळी उभ्या, घरात डाळीचं पोतं, आणि बाईच्या जेवणात डाळ नाही. "वरण खाल्लं" एवढ्या उत्तरात हे काहीच दिसत नाही. म्हणून म्हणते, काय खाल्लं तेवढं लिहू नको, किती खाल्लं ते लिही.

कसं लिहायचं ते सांगते. खाल्लं की लगेच लिहायचं. रात्री आठवून लिहिलं की दुपारचा समोसा आणि दोन चहा हमखास गळतात. माणूस स्वतःचं खाणं बहुतेक वेळा थोडं कमीच सांगतो. दोन दिवस ग्राउंडवर सरावाचे घे आणि एक रविवार घे, कारण रविवारी मेस बंद असते आणि तुम्ही पोट्ट्या काय खाता ते मला चांगलं माहीत आहे. लिहायचं म्हणून चांगलं खाऊ नको. रोजचंच खा.

माप वाटीनं घे, पण आधी तुझी वाटी पाण्यानं भरून बाटलीत ओत आणि ती किती मिलिलिटरची आहे ते पाहून ठेव. "एक वाटी" म्हणजे कोणाची शंभरची, कोणाची दोनशेची. मेसचं वरण ताटात पाच मिनिटं तसंच ठेव, डाळ खाली बसते. ती किती चमचे भरली ते लिही, वरचं पाणी मोजू नको. पोळीचं वजन कणकेवर काढायचं असतं, भाजलेल्या पोळीवर नाही, कारण कशात किती प्रथिनं, किती लोह हे सांगणाऱ्या तक्त्यातले आकडे कच्च्या धान्याचे असतात. मेसवाल्या मावशींना विचार, एक किलो कणकेच्या किती पोळ्या होतात. तेहतीस म्हणाल्या तर एक पोळी तीस ग्रॅमची झाली. मोबाइलवरच्या ॲपमध्ये "रोटी" शोधलीस तर दहा वेगवेगळे आकडे येतील, त्यातला कोणता घ्यावा हा प्रश्नच आहे. त्यापेक्षा हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा २०१७ चा तक्ता वापर. ५२८ भारतीय अन्नपदार्थ आहेत त्यात, ज्वारीपासून जवसापर्यंत. आम्हाला प्रशिक्षणात या संस्थेचेच आकडे सांगतात.

तू फोनवर सांगितलेला परवाचा दिवस मी या तक्त्यावर मांडून पाहिला. सकाळी पोहे, दुपारी चार पोळ्या, आलूची भाजी, भात, पातळ वरण, रात्री तीन पोळ्या आणि पुन्हा आलूच, दिवसभरात तीन चहा. सात पोळ्यांची कणिक दोनशे दहा ग्रॅम, त्यातून २२ ग्रॅम प्रथिनं. भाताचे ४, पोह्यांचे ४, डाळीचे ३, चहातल्या दुधाचे ३, आलूचे २. झाले ३८. आता लागतात किती? संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे वजनाच्या प्रत्येक किलोमागे ०.८३ ग्रॅम. तुझं वजन बावन्न, म्हणजे ४३. पण हे साध्या माणसाचं झालं. तुझ्यासारखी रोज पळणारी, गोळा फेकणारी पोरगी असेल तर किलोमागे १.२ धरून ६२ तरी हवेत. म्हणजे तुझे सर अगदीच चुकीचं सांगत नाहीत. कमी पडतंच आहे, चोवीस ग्रॅमच्या आसपास.

फक्त ते चोवीस डब्यातूनच यायला पाहिजेत असं नाही. दोन अंड्यांचे बारा, मूठभर फल्लीदाण्यांचे सात, मूठभर फुटाण्यांचे सहा. झाले पंचवीस, तेवढेच जे त्या डब्यातल्या एका मापात असतात. फल्लीदाणे आणि फुटाणे मी पिशवीत टाकले आहेत, अंडी तू तिथं घे. श्रावणात अंडी बंद हे आजीचं चालेल, तुझं नाही. भरती श्रावण पाहून लागत नाही. फारच मन धजत नसेल तर त्या महिन्यात दही आणि भिजवलेले चणे वाढव. पण एक लक्षात ठेव, बी-१२ हे जीवनसत्त्व दूध-दही, अंडी, मटण-मासोळी यांतूनच मिळतं, डाळी-भाज्यांतून नाही. अंडं सोडलंस तर दूध-दह्याचा रकाना रिकामा ठेवू नको.

आता खरी गोष्ट, जिच्यासाठी मी एवढं लिहायला बसले. त्याच दिवसाचं लोह काढलं. सात पोळ्यांचं साडेआठ मिलिग्रॅम, पोह्यांचं अडीचच्या वर, डाळ-भात-आलू मिळून दीडही नाही. एकूण तेराच्या आत. तुझ्या वयाच्या बाईला शिफारस आहे २९ ची, पुरुषाला १९ ची. पाळीत रक्त जातं, म्हणून हा फरक. प्रथिनं निम्म्यापेक्षा जास्त भरली होती, लोह निम्मंही नाही. तुझी तक्रार काय आहे? दुसऱ्या फेरीत दम लागतो, टोंगळे जड होतात, सकाळी उठवत नाही. स्नायूंपर्यंत प्राणवायू नेणारं हिमोग्लोबिन लोहापासून होतं, प्रोटीनच्या डब्यानं ते वाढत नाही. तपासल्याशिवाय मी तुला रक्त कमी आहे असं म्हणणार नाही, पण कापूस वेचणाऱ्या बाया मला हीच लक्षणं सांगतात आणि त्यांना आम्ही आधी रक्त तपासायलाच पाठवतो.

आजी म्हणेल गूळ खा. खा, पण गुळाच्या खड्यातून अर्धा मिलिग्रॅमही मिळत नाही. पोह्यांचंही तसंच. जुन्या तक्त्यात शंभर ग्रॅम पोह्यांत वीस मिलिग्रॅम लोह लिहिलेलं होतं, म्हणून पोह्यांचं फार कौतुक व्हायचं. नव्यात ते पाचच्याही खाली आहे. कोणी जुना कागद दाखवून पोह्यानं रक्त वाढतं म्हणालं तर हसून सोड. पोळीऐवजी भाकर खाल्ल्यानंही लोहात फारसा फरक पडत नाही, ज्वारी आणि गहू त्या बाबतीत जवळपास सारखेच. बाजरी मात्र दोघांच्या पुढं आहे. फुटाणे, फल्लीदाणे, अंडी धरूनही तुझा आकडा अठराच्या आसपासच जाईल. पालेभाजी रोज हवी. मेसवाल्या आलू सोडत नसतील तर तुम्ही चौघी मिळून बोला, एकटीचं कोणी ऐकत नाही. खोलीवर हीटर आहे तर चवळीचा किंवा राजगिऱ्याचा पाला नुसता लसूण घालून परतता येतो.

खाल्लेलं सगळं लोह अंगी लागत नाही, हे दुसरं दुखणं. जेवणावर अर्धं लिंबू पीळ किंवा सोबत पेरूची फोड खा, क जीवनसत्त्वानं लोह जास्त शोषलं जातं. आणि तुझा तो जेवल्याबरोबरचा चहा, तो तासभर पुढं ढकल. चहातली द्रव्यं लोह अडवून धरतात. चहा सोड म्हणत नाही, सोडणार नाहीस तू. म्हणून वहीत चहापुढं वेळ लिहायची आहे, नुसता "चहा" नको.

कॅल्शियमचा रकाना भरायला बसलीस तर तोही रिकामा दिसेल, तीन चहांतल्या शंभर मिलिलिटर दुधात जेमतेम एकशे वीस मिलिग्रॅम असतं आणि लागतं हजार. तिळाची चटणी दिली आहे, दोन चमचे रोज घे. जवसाचीही दिली आहे, ती तुला आवडते म्हणून, तिचा हिशेब करू नको.

वही भरली की पानांचे फोटो टाक, मी इथं बेरजा करते. तुझ्या मैत्रिणींनाही लिहायला सांग, त्यांच्या आयांना चालणार असेल तर त्यांच्याही करते. पण वहीची वाट न पाहता या आठवड्यात सरकारी दवाखान्यात जाऊन हिमोग्लोबिन तपास, पैसे लागत नाहीत. बाराच्या खाली आलं तर डॉक्टरांना विचारून लोहाच्या गोळ्या सुरू करायच्या. शाळेत सोमवारी लोहाची निळी गोळी दिली की तू ती खिडकीबाहेर टाकायचीस, हे बाईंनी मला तेव्हाच सांगितलं होतं. आता टाकू नको. पोट दुखलं तर रात्री जेवणानंतर घे, शौचास काळं झालं तर घाबरू नको, गोळीनं तसं होतंच. बाराच्या वर आलं तर मग ग्राउंडवर काय बदलायचं ते तुझे सर जाणोत, त्यातलं मला कळत नाही.

पैसे भावाजवळ दिले आहेत, अंड्यांचे आणि लिंबांचे. डब्याचे नंतर, वही पाहून. बाबांना वेगळा फोन करून मागू नको, त्यांनी मला सांगून ठेवलं आहे.

तुझी,
आई

ता. क. वहीच्या शेवटच्या पानावर मी पोळी, भात, डाळ, अंडं, फुटाणे, फल्लीदाणे यांचे प्रथिनं आणि लोहाचे आकडे लिहून दिले आहेत. मेसमध्ये दुसरं काही असलं तर नाव आणि अंदाजे माप लिही, बाकी मी पाहते.