मुख्यालयी कोण राहत नाही ते मोजता, जी राहिली ती का राहिली ते पण विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दर दोन-तीन महिन्याला पेपरात बातमी असतेच, डॉक्टर आणि सिस्टर मुख्यालयी, म्हणजे नेमणुकीच्या गावी, राहत नाहीत, घरभाडं उचलतेत आणि तालुक्याहून अप-डाऊन करतेत. बातमी खोटी नसते. मी ३३ वर्षं परभणी जिल्ह्यात सबसेंटरला, म्हणजे गावातल्या आरोग्य उपकेंद्राला, आरोग्य सेविका होते, कोण मुक्कामी राहायचं आणि कोण चारच्या एसटीवर नजर ठेवून बसायचं हे आम्हाला सगळं माहीत असायचं. पण मग कारवाई होते, नोटीस निघते, मुक्कामी राहतेत असा ग्रामसभेचा ठराव मागतेत, आणि सहा महिन्यानी परत तीच बातमी.

माझं पहिलं क्वार्टर म्हणजे एक खोली, पत्रे गळायचे, नळ होता पण पाणी नव्हतं. पाच हजार लोकसंख्येला एक सबसेंटर असा नियम आहे, माझ्याकडं वाड्या-तांडे धरून त्याच्यापेक्षा बरीच जास्त होती, आणि रात्री दोन वाजता बैलगाडीत बाळंतीण घेऊन आले तरी दार उघडावंच लागायचं. मिस्टर दुसऱ्या तालुक्यात शिक्षक. पती-पत्नी एकत्रीकरणाचा अर्ज किती वेळा दिला ते मोजायचं सोडून दिलं होतं. तरी मी टिकले, कशामुळं तर माझं माहेर नऊ किलोमीटरवर होतं आणि आई माझं लेकरू सांभाळायची, एवढंच. माझ्या आधी लांबच्या जिल्ह्यातली एक पोरगी होती, कामाला माझ्यापेक्षा हुशार, आठ महिन्यात बदली करून गेली, रात्री एकटी राहायला भीती वाटायची तिला. तिला कामचोर म्हणले लोक. मला अजून वाईट वाटतं त्याचं.

हे मी आज लिहायचं कारण माझी भाची नर्सिंगला आहे, तिनं मला काही अभ्यास वाचून दाखवले आणि मी चकितच झाले, आम्ही ओट्यावर बसून बोलायचो तेच त्याच्यात होतं. छत्तीसगडमधे २०१० च्या आसपास संशोधकांनी उलटा प्रश्न विचारला, डॉक्टर खेड्यातून का जातात हे सगळेच विचारतेत, यांनी जे वर्षानुवर्षं राहिले त्यांना जाऊन विचारलं की तुम्ही का राहिलात. उत्तरं काय आली, तर जवळपासच्या भागातलेच होते किंवा खेड्यात वाढलेले होते, नवरा-बायकोला एकाच ठिकाणी नोकरी मिळाली होती, सोबतचा स्टाफ चांगला होता, सेवा करायची मनापासून इच्छा होती. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१० साली आणि परत २०२१ साली जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्याच्यात पण हेच, खेड्यातली लेकरं शिकायला घ्या, शिक्षण चालू असतानाच त्यांना खेड्यात काम करू द्या, राहायची नीट सोय करा, वरच्या साहेबांचा आधार द्या.

आशाताईंचं, म्हणजे गावातल्या आरोग्य स्वयंसेविकांचं, बघा ना. २००५ ला योजना आली तेव्हा अटच होती की बाई त्याच गावची रहिवासी पाहिजे. आज आशाताई मुख्यालयी राहत नाही अशी बातमी कुणी वाचली का? तिचा मोबदला वेळेवर येत नाही ही बातमी मात्र दरवर्षी येते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी ३९ गावातल्या बायकांना शिकवून घरीच नवजात बाळांची काळजी घ्यायला लावली, तिसऱ्या वर्षी त्या गावात नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले, १९९९ ला ते लॅन्सेट या डॉक्टरी मासिकात छापून आलं. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या दिवसापासून बेचाळीसाव्या दिवसापर्यंत ज्या भेटी देते त्याचं मूळ तिथं आहे. आणि जामखेड तर आमच्या बीडच्या शिवेला लागून, तिथं आरोळे डॉक्टर दांपत्यानं १९७० पासून गावातल्याच, काही तर अक्षरओळख नसलेल्या बायका आरोग्याच्या कामासाठी तयार केल्या.

मेडिकलच्या अ‍ॅडमिशनचं पण बोलते. ७०:३० चा कोटा, म्हणजे ७० टक्के जागा त्या-त्या विभागातल्याच मुलांना आणि ३० टक्के बाकी राज्याला, २०२० ला गेला तेव्हा मराठवाड्यात आनंद झाला, मला पण झाला, आपल्या लेकरांवर अन्यायच होता तो. पण त्या सगळ्या गोंधळात सीट कुणाला मिळणार एवढीच चर्चा झाली, शिकून पीएचसीला, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राला, कोण येणार हे कुणी विचारलं नाही. एमबीबीएसला एक वर्षाचा बाँड आहे, म्हणजे शिकून झाल्यावर वर्षभर सरकारी सेवा करायची, आधी तर दहा लाख भरून सुटता यायचं. बाँडवर आलेली पोरं मी पाहिली, वाईट नव्हती बिचारी, पण पुढच्या नीटचं पुस्तक टेबलावर उघडं असायचं आणि गावातल्या लोकांचं नाव पाठ व्हायच्या आत वर्ष संपायचं. तांड्यावरची, ऊसतोड कामगारांची हुशार लेकरं लातूरला क्लासची फी भरू शकत नाहीत म्हणून मागं राहतेत, त्यांच्यासाठी काही जागा आणि पूर्ण खर्च सरकारनं उचलायचा, नंतर आपल्याच तालुक्यात काही वर्षं नोकरी, असं का नाही करता येत? नर्सिंगला तर हे उद्या सुरू करता येईल.

माझी मागणी छोटी आहे. अंबाजोगाईचं ग्रामीण मेडिकल कॉलेज आहे, आता धाराशिव, परभणी, जालना, हिंगोलीला पण सरकारी कॉलेजं झाली, अंबाजोगाईसारख्या जुन्या कॉलेजातली पीजीची, म्हणजे एमबीबीएसच्या पुढचं शिकणारी मुलं दरवर्षी थिसिस करतेत. त्यातल्या काहींनी मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यातली सबसेंटरं धरावीत, जी सिस्टर एकाच जागी दहा-पंधरा वर्षं राहिली तिच्या घरी जाऊन बसावं, माहेर किती लांब, क्वार्टर कसं, नवरा कुठं नोकरीला, रात्री कोण सोबतीला येतं, हे सगळं लिहून घ्यावं, आणि जी सोडून गेली तिला पण शोधून विचारावं, तिच्यावर ठपका न ठेवता. मग ते टीएचओ (तालुका आरोग्य अधिकारी) आणि जिल्हा परिषदेच्या टेबलावर ठेवावं आणि पुढच्या बदल्या त्याच्यावरून कराव्यात. माझ्याकडं जुन्या सिस्टर लोकांचे नंबर अजून आहेत, कुणी करणार असेल तर मी स्वतः फोन करून सगळ्यांना बोलवून देते.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सेविका, जि. परभणी