रात्री दोन वाजता कूस कोण बदलते? समाजकल्याण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. समाजकल्याण मंत्री,
गोवा राज्य, पर्वरी

महोदय,

पालक व ज्येष्ठ नागरिकांविषयीच्या २००७ सालच्या कायद्याचे कलम १९ वृद्धाश्रम उभारण्याविषयी आहे. त्याच कलमाचे दुसरे उपकलम वृद्धाश्रमांतल्या सेवांचा दर्जा ठरवण्याचा अधिकार राज्य सरकारला देते. तो दर्जा मोजायचा कुठे आणि कसा, एवढ्यासाठीच हे पत्र.

२०११ च्या जनगणनेतच गोव्यात दर शंभर माणसांमागे अकराहून जास्त माणसे साठीच्या पुढची होती. मुले आखातात, पोर्तुगालमध्ये, इंग्लंडमध्ये. ती रजेवर येतात, आईवडिलांसाठी वृद्धाश्रम बघायला सकाळी अकराच्या सुमारास जातात. तेव्हा सगळ्यांच्या आंघोळी उरकलेल्या असतात, लादी पुसलेली असते, अंगणात खुर्च्या मांडलेल्या असतात. सरकारी तपासणीही त्याच वेळी आणि त्याच गोष्टींची झाली, तर खाते इमारतीला गुण देते. देखभाल तपासायची राहूनच जाते.

हिशेब मांडून बघा. स्वतःहून कूस बदलू न शकणाऱ्या माणसाला साधारण दर दोन तासांनी वळवावे लागते, नाहीतर एकाच जागी दाब पडून कातडीला जखम (दाबजखम) होते. डायपर बदलणे, कातडी पुसून कोरडी करणे, चादरीच्या चुण्या काढणे, पाठीला आणि गुडघ्यांमध्ये उशी लावणे, हे सगळे धरून एकाला दहा मिनिटे जातात. ओढून सरकवले तर कातडी घासून सोलते, म्हणून उचलायला दोघे लागतात. असे दहा जण असले की एक फेरी शंभर मिनिटांची होते आणि पुढच्या फेरीपर्यंत वीस मिनिटे उरतात. त्या वीस मिनिटांत कुणाला लघवीला न्यायचे, कुणाला पाणी पाजायचे, कुणाला धाप लागली तर १०८ ला फोन करायचा. म्हणजे दोघांनाही हे काम जेमतेम झेपते. अशा दहा जणांमागे रात्री एकच आया असलेल्या ठिकाणी वहीत दर दोन तासांच्या खुणा दिसल्या, तर त्या खोट्या आहेत असे धरून चालावे. दोष आयाचा नाही. एका माणसाला न होणारे काम तिच्या नावावर लिहिलेले असते.

म्हणून दर्जाच्या नियमांत खाटांपेक्षा आधी रात्रीची माणसे मोजा, आणि तीही अंथरुणाला खिळलेले किती, आधाराने चालणारे किती, हे पाहून. ड्युटीचा तक्ता पगाराच्या नोंदीशी ताडून पाहावा. तक्त्यावरची नावे पगारपत्रकात नसली की बाकीचे उघडच होते. तपासणी न कळवता, रात्री दोन ते चारच्या दरम्यान व्हावी.

कातडी खोटे बोलत नाही. माकडहाड, टाचा, खुबे, घोटे, कोपर आणि डोक्याची मागची बाजू एवढे पाहिले की पुरते. लाल जागेवर बोट दाबून उचलायचे. जागा क्षणभर पांढरी पडून पुन्हा लाल झाली तर अजून वेळ आहे. लालच राहिली तर ती दाबजखमेची पहिली पायरी. सावळ्या अंगावर लाली नीट दिसत नाही, तिथे आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा पिळपिळीत लागणारी जागा हाताने शोधावी लागते. एअर मॅट्रेस दिसला म्हणून समाधान मानू नये. पंप चालू आहे का, दाब माणसाच्या वजनाप्रमाणे लावलाय का, वर घडी घातलेल्या तीन चादरी आणि प्लास्टिक तर नाही ना, वीज गेल्यावर तो इन्व्हर्टरवर चालतो का, हे बघावे. मॅट्रेस असला तरी कूस बदलावीच लागते. मधे भोक असलेली गोल उशी तर काढायलाच सांगा. कडेने दाब पडून मधल्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो.

इथे एक सावधगिरी हवी. नुसत्या जखमा मोजल्या तर आश्रम जखमा घेऊन येणाऱ्यांना दारातूनच परत पाठवतील. आल्या दिवशी अंगाची तपासणी करून तारखेसह नोंद झाली, तर आश्रमात आल्यावर झालेल्या जखमा वेगळ्या काढता येतात. पडण्याचेही तसेच. वर्षभरात कुणीच पडले नाही असे सांगणाऱ्या ठिकाणी आधी खाटेच्या कठड्याला बांधलेले हात आणि झोपेच्या गोळ्यांची यादी बघा. चालणारी माणसे कधीतरी पडतातच. पडल्यावर उठून उभे राहतानाचा रक्तदाब मोजला का (उभे राहिल्यापासून तीन मिनिटांत वरचा आकडा वीसने उतरला तर औषधे तपासावी लागतात), संडासात धरायला दांडा बसवला का, रात्रीचा दिवा लावला का, यावरून आश्रमाची ओळख पटते.

औषधांच्या तक्त्यावर गोळी दिल्या क्षणी सही व्हायला हवी. आठवड्याच्या सगळ्या सह्या एकाच पेनने, एकाच वळणाने झालेल्या दिसल्या तर गोळ्या मोजाव्यात. पाकिटात उरलेल्या आणि तक्त्यावरच्या जुळल्या पाहिजेत. पार्किन्सन्सची (कंपवाताची) लेव्होडोपा गोळी सकाळ-दुपार-रात्र अशा डबीत बसत नाही. ती तासाभराने उशिरा मिळाली तर माणूस खुर्चीतच अडकून बसतो आणि लोक त्याला हट्टी म्हणतात. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत राहायला हवे, आणि पावसाळ्यात वीज गेली की फ्रिज किती वेळ टिकतो ते विचारावे. ‘रात्री शांत राहावे म्हणून’ सुरू केलेल्या गोळ्या कुठल्या डॉक्टरांनी, कधी लिहिल्या आणि शेवटच्या कधी तपासल्या, याचे लेखी उत्तर मागावे.

जेवणाबद्दल गोव्यापुरते एक सांगतो. पेज चांगली, पचायला हलकी, जुन्या माणसांच्या आवडीची. पण वाडगाभर पेजेत बहुतेक पाणीच असते. पन्नास किलोच्या वृद्ध माणसाला दिवसाला पन्नास ते साठ ग्रॅम प्रथिने लागतात. एका अंड्यात सहाएक ग्रॅम येतात. काट्याच्या भीतीने मासा काढून नुसता हुमणाचा (माशांच्या आमटीचा) रोस भातावर घातला की ताट भरलेले दिसते आणि माणूस वाळत जातो. काटे काढलेला मासा, अंडे, मऊ शिजवलेल्या मुगाचे तोणाक (रस्सा) रोज असावे. भरवताना माणूस सरळ बसलेला हवा आणि नंतर अर्धा तास तसाच राहावा. आडवे ठेवून घाईने भरवले की घास श्वासनलिकेत जातो आणि न्यूमोनिया होतो.

याचा पुरावा वजनात मिळतो. महिन्यात पाच टक्के किंवा सहा महिन्यांत दहा टक्के वजन उतरले तर डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे. पन्नास किलोंच्या माणसाचे पाच टक्के म्हणजे अडीच किलो. कपडे सैल होतात, पण रोज बघणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत. जांघेत, स्तनांखाली, बोटांच्या बेचक्यांत ओल राहून बुरशी धरते. खरूज आली तर एकट्यादुकट्याला मलम लावून ती जात नाही. सगळे रहिवासी आणि सगळे कर्मचारी यांना एकाच दिवशी पर्मेथ्रिन हे खरजेचे मलम लावून, आठवड्याने पुन्हा लावून, चादरी गरम पाण्यात धुवाव्या लागतात. हा खर्च आश्रमाने केला की नाही, हे बिलांत दिसते.

भाषेचे तर नियमच हवेत. परराज्यांतून आलेल्या मुली मनापासून काम करतात, पण आजी ‘हर्दें दुखता’ (छाती दुखते) म्हणाली आणि ते कळले नाही, तर हृदयविकाराचा झटका पित्त म्हणून निघून जातो. दुखणे, भूक, चक्कर, संडास-लघवी एवढ्यापुरती शंभरेक कोंकणी वाक्ये शिकवून मगच ड्युटी द्यावी. ज्येष्ठांच्या हेल्पलाइनचा १४५६७ हा क्रमांक खाटेवरून वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत लावावा, आणि हाताशी फोनही असावा.

सुरुवात सरकारने आपल्याच घरापासून, प्रोव्हेदोरियाच्या (राज्य सरकारच्या सार्वजनिक साहाय्य संस्थेच्या) वृद्धाश्रमांपासून करावी. दर तीन महिन्यांनी प्रत्येक वृद्धाश्रमाच्या दारावर रात्रीचे कर्मचारी, आश्रमात झालेल्या नव्या दाबजखमा आणि वजन उतरलेल्यांची संख्या लावली जावी, आणि तीच खात्याच्या संकेतस्थळावरही असावी. तपासणी पथकात कारकुनाबरोबर एक अनुभवी परिचारिका असावी. तिच्याकडे बसून वजन घेण्याचा खुर्चीचा काटा द्या, कारण सर्वांत जास्त वाळलेली माणसे साध्या काट्यावर उभी राहू शकत नाहीत आणि म्हणून त्यांचे वजन कुठेच लिहिलेले नसते. तोही नेता येत नसेल तिथे शिंप्याची मापपट्टी पुरेल: पोटरीचा घेर ३१ सेंटीमीटरहून कमी भरला, तर त्या माणसाचे ताट आधी बघा.

आपले,
ज्येष्ठांच्या शुश्रूषेत काम करणाऱ्या परिचारिका, फिजिओथेरपिस्ट आणि आहारतज्ज्ञ