बाबा, फॉर्मॅलिनचा डबा बंद करा

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

बाबा, बोटुकलीची (बोटाएवढ्या लहान माशांची) टाकी रिकामी झाली आहे आणि माशांचं नवीन बीज सोडण्याआधी ‘कडक औषध’ मारून घेणार, असं तुम्ही फोनवर म्हणालात. कडक म्हणजे फॉर्मॅलिन, हे मला माहीत आहे. त्या वाफेनं आईचे डोळे चुरचुरतात, तुम्हाला खोकल्याची उबळ येते. त्यातल्या फॉर्मल्डिहाइडमुळे माणसाला कर्करोग होतो, हे 2004 सालीच जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं सांगितलंय. मासे वाचवायला तुम्ही आजारी पडावं, हे मला चालणार नाही.

तुमची भीती मात्र खरी आहे. तिलापिया माशांचा लेक विषाणू असो की कोई माशांचा हर्पिस विषाणू, एकदा तळ्यात शिरला की त्यावर औषध नाही. प्रतिजैविकं जिवाणूंसाठी असतात, इथं त्यांचा उपयोग शून्य. म्हणजे त्याला आत येऊ न देणं एवढंच आपल्या हातात. निर्जंतुकीकरण हवंच, फक्त ते कशानं आणि कसं करायचं ते बदलू या.

आधी घासणी. टाकीच्या कोपऱ्यात तळाला बोट फिरवून बघा, बुळबुळीत थर लागेल. विष्ठा, खाद्याचा चुरा, शेवाळ सगळं त्यात असतं. त्यावर ब्लीचिंग पावडरचं क्लोरीन ओतलं तर त्याचा जोर त्या घाणीतच संपतो आणि विषाणू खाली सुखरूप राहतो. शिवाय क्लोरीन त्या घाणीशी मिळून नको ती संयुगं तयार करतं, ती पुढे नाल्यात जातात. म्हणून साबणाचं पाणी आणि ताठ ब्रश घेऊन खरवडून काढा, भरपूर पाण्यानं धुवा, मग टाकी खडखडीत वाळू द्या. हापे (पिल्लं ठेवायचे जाळीचे पिंजरे) आणि जाळ्याही कडक उन्हात पसरा. वर सांगितलेल्या दोन्ही विषाणूंना स्निग्ध आवरण असतं. ते साबणानं फाटतं, आणि कोरडेपणाही त्यांना सोसत नाही. आवरण नसलेले काही विषाणू जास्त चिवट असतात, म्हणून नुसत्या उन्हावर थांबायचं नाही.

त्यानंतर फॉर्मॅलिनऐवजी पेरॲसेटिक ॲसिड हे जंतुनाशक वापरा. काम झालं की त्याचं व्हिनेगरमधलं आम्ल, पाणी आणि ऑक्सिजन होतं, मागं विष उरत नाही. पण डब्यातलं मूळ द्रावण त्वचा जाळतं. हातमोजे, चष्मा घालूनच हाताळा, नेहमी पाण्यात औषध ओता, औषधात पाणी नको. आणि ब्लीचिंग पावडरच्या जवळपासही नेऊ नका, दोन्ही एकत्र आली तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. बाबा, हे तुम्ही आईलाही नीट समजावून सांगा, डबे तीच उचलून ठेवते.

बाहेरून घेतलेल्या पाण्यासाठी अतिनील दिवा चांगला. फक्त पाणी आधी गाळून घ्यावं लागतं, गढूळ पाण्यात किरण पोचत नाहीत. आणि आई, प्रत्येक टाकीची हातजाळी वेगळी ठेव गं. एकाच जाळीनं सगळीकडे मासे काढले तर वरची सगळी मेहनत वाया जाते.

टाकीची लांबी, रुंदी, उंची मोजून कळवा आणि पेरॲसेटिकच्या डब्यावरच्या लेबलचा फोटो पाठवा. प्रमाण मी काढून देतो, तोवर टाकीत काही ओतू नका.

तुमचा,
मुलगा