काकांच्या शस्त्रक्रियेआधीच्या आहाराविषयी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

काकांच्या आतड्याची शस्त्रक्रिया दोन आठवडे पुढे ढकलल्यामुळे तू धास्तावला आहेस. मला मात्र सर्जनचा निर्णय योग्य वाटतो. चार महिन्यांत ७० किलोचे ६२ झाले, पट्ट्याला नवे भोक पाडावे लागले, म्हणजे वजन ११ टक्क्यांहून अधिक उतरले. अशा रुग्णाला ७ ते १४ दिवस नेटाने पोषण देऊन मगच टेबलावर घ्यावे, असे आज मानले जाते. हायरम स्टडली या सर्जनने १९३६ मध्येच दाखवले होते की, पेप्टिक अल्सरच्या (जठर किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातील व्रणाच्या) शस्त्रक्रियेआधी २० टक्क्यांहून अधिक वजन गमावलेल्यांपैकी जवळपास एक तृतीयांश रुग्ण दगावले, तर इतरांत हे प्रमाण सुमारे साडेतीन टक्केच होते.

शस्त्रक्रियेच्या ताणात शरीर स्वतःचेच स्नायू मोडून जखम भरण्यासाठी प्रथिने पुरवते. स्नायूच उरले नसतील तर जखम रेंगाळते, शिवाय खोकून कफ काढण्याचेही बळ राहत नाही. त्यामुळे काकांना रोज साधारण ७५ ते ९० ग्रॅम प्रथिने आणि १६०० ते १८५० कॅलरी मिळायला हव्यात. एका अंड्यात जेमतेम ६ ग्रॅम प्रथिने असतात, यावरून हे किती अवघड आहे ते कळेल. भूक नसताना ताट भरून वाढू नकोस; दर दोन तासांनी थोडे दे आणि मधल्या वेळी प्रथिनयुक्त पेय ठेव. मात्र उलट्या, पोटफुगी किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचार. रक्तातले अल्ब्युमिन हे प्रथिन तपासणीत कमी आले म्हणून केवळ आहाराला दोष देऊ नकोस. शरीरातील दाहामुळेही ते घटते.

आदल्या रात्रीपासून पाण्याचा थेंबही द्यायचा नाही, हा जुना शिरस्ता आता बहुतेकांना लागू नाही. जठर रिकामे होण्यात अडचण नसेल तर भुलीच्या सहा तास आधीपर्यंत हलके अन्न आणि दोन तास आधीपर्यंत पाणी किंवा आरपार दिसणारे पारदर्शक पेय चालते. तरीही अंतिम शब्द भूलतज्ज्ञांचाच.

शस्त्रक्रियेनंतर वारा सरेपर्यंत उपाशी ठेवण्याचा आग्रहही मागे पडला आहे. बहुतेकांना काही तासांतच घोट घोट द्रव सुरू करता येतो. काकांना तोंडाने पुरेसे जात नसेल, तर नळीवाटे पोषणाचा विचार केव्हा करणार, हे सर्जनना आताच विचारून ठेव. आतडे चालत असेल तर शिरेतून पोषण देण्यापेक्षा नळीचाच मार्ग बरा. घरी आल्यावरही ते प्रथिनयुक्त पेय लगेच बंद करू नकोस. भूक परतायला पुष्कळदा आठवडे लागतात.

काकांना नमस्कार सांग.

तुझा मित्र